संघमची वही



तेलंगणात उटनूरला येऊन कामगार संघटनांवर मराठीत बोलायचं, तर सुरुवात एका शब्दापासून करावी लागते. मुंबईत त्याला 'युनियन' म्हणतात, पुण्या-नागपुरात 'संघटना' म्हणतात. इथे मात्र 'संघम'. शब्द तेलुगूतून आला, पण गोंडी, कोलामी, लंबाडी, उर्दू, मराठी असं काहीही घरात बोललं जात असो, या भागात तो सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. आजच्या व्याख्यानात तोच शब्द वापरू या, कारण ज्यांच्या स्मृतीला आपण हे व्याख्यान वाहिलं आहे ती माणसं संघमच्याच सभेला निघाली होती.

इथून वीसेक किलोमीटरवर इंद्रवेल्ली. २० एप्रिल १९८१, सोमवार, बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कूली संघमने त्या दिवशी सभा बोलावली होती. मागण्या साध्या होत्या. कसत असलेल्या जमिनीचे पट्टे हवेत, सावकार-व्यापाऱ्यांची लूट थांबावी, वनखात्याचा जाच थांबावा. संघममागे नक्षलवादी चळवळीचे कार्यकर्ते होते, ही गोष्टही झाकून ठेवायचं कारण नाही. सभेला आधी मिळालेली परवानगी ऐनवेळी काढून घेतली गेली आणि जमावबंदी लागू झाली. पण डोंगरातल्या गुड्यांमधून, आदिवासी पाड्यांमधून, पायी निघालेल्यांना हे कोण सांगणार? माणसं येत राहिली. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी तो याच्या कितीतरी पट सांगितला. तिथे उभा राहिलेला स्तूप पुढे एकदा पाडला गेला आणि पुन्हा बांधला गेला. आज तो उभा आहे आणि आपण सगळे तो पाहत आलो आहोत.

संघमच्या नावात तीन शब्द आहेत, ते जरा नीट पाहा. गिरिजन, रयतु, कूली. डोंगरातला माणूस, शेतकरी, मजूर. वाटतात तीन, पण माणूस एकच. पावसाळ्यात तो आपल्या तुकड्यावर ज्वारी-कापूस पेरतो, हिवाळ्यात दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचतो, उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडतो. पट्टा नाही म्हणून कायदा त्याला शेतकरी मानत नाही. मालक ठरलेला नाही म्हणून कामगारही मानत नाही. ज्याला कोणत्याच रजिस्टरात जागा नव्हती, त्यानं आपली तिन्ही कामं एका नावात गुंफली.

मग प्रश्न पडतो की ही माणसं त्या दिवशी नेमकं मागायला काय आली होती? पट्टे तर हवेच होते. पण त्याच्याही आधी त्यांना आपल्या वतीनं बोलणारं कुणीतरी हवं होतं. एकटा माणूस सावकाराच्या ओट्यावर गेला की तो 'बाकीदार' असतो. पटवाऱ्याच्या दारात एकटा गेला की 'अतिक्रमणवाला' असतो. तोच माणूस शंभर जणांबरोबर गेला तर पहिल्यांदा त्याचं म्हणणं 'मागणी' ठरतं. संघमचं काम इथून सुरू होतं.

पण वतीनं बोलायचा हक्क कुणाला, आणि तो दिला कुणी? आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच प्रश्न आहे. वर्षानुवर्षं या प्रश्नाकडे काणाडोळा केला गेला, आणि त्याची किंमत कामगारांनीच मोजली.

जरा मागे जाऊ. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव मराठी माणसाला शाळेपासून माहीत असतं, निदान असायला हवं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, आणि त्याआधी मुंबईच्या गिरणीत नोकरी केलेले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथून निघालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठे होते. त्यात काय मागितलं होतं? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला सुटका. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. यंत्रात हातपाय गेला तर भरपाई. एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी आज कुणी डोळे विस्फारावेत, पण त्या वेळी त्या डोळे विस्फारायला लावणाऱ्याच होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहाएक हजार कामगार जमले, दोन बायका उठून बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. आज रविवार आहे म्हणून आपण निवांत बसतो ना, तो रविवार असा मिळालेला आहे.

तरीही लोखंड्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'वर अभ्यासक एक आक्षेप घेतात, आणि तो खराच आहे. त्या संस्थेला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. लोखंडे होते म्हणून ती होती. १८९७ मध्ये प्लेगात ते गेले आणि त्यांच्यामागे ती संस्था टिकली नाही. लोखंड्यांची थोरवी यानं कमी होत नाही. पण एका भल्या माणसाच्या खांद्यावर हजारोंचं प्रतिनिधित्व ठेवलं की काय होतं, हे तिथे दिसलं. माणूस गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वही आली ती पुढे, आणि तीही कोर्टाची पायरी चढून. १९१८ मध्ये मद्रासला बी. पी. वाडिया यांनी मद्रास लेबर युनियन काढली. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी थेट वाडियांवर दावा लावला आणि उच्च न्यायालयानं मनाई हुकूम दिला. कामगारांना एकत्र करणं हाच गुन्हा ठरत असेल तर युनियन करायची कशी? ना. म. जोशी यांनी हा प्रश्न मध्यवर्ती कायदेमंडळात लावून धरला, आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. सात माणसं एकत्र आली की नोंदणी करता येऊ लागली. या कायद्यात दोन कलमं अशी होती की त्यांची आठवण पुढाऱ्यांनाही क्वचित व्हायची. युनियनची हिशेबाची पुस्तकं आणि सभासदांची यादी कुठलाही सभासद उघडून पाहू शकत होता. आणि दरवर्षी जमाखर्चाचं विवरण निबंधकाकडे द्यावं लागायचं. म्हणजे कायद्यानं संरक्षण दिलं, आणि त्याच हातानं सांगितलं की ज्यांच्या नावानं बोलता त्यांच्यासमोर वही उघडी ठेवा.

ती वही मालकाच्या किंवा सरकारच्या हाती गेली तर? मुंबईनं ते भोगलं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं ठरवलं की एका भागातल्या एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' युनियन, आणि मालकानं वाटाघाट करायची ती तिच्याशीच. कापड गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा विश्वास उडाला तरी मान तिथेच राहिला. १९८१ च्या शेवटी बोनसवरून चिडलेले गिरणी कामगार घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गेले, 'तुम्ही आमचं नेतृत्व करा' म्हणून अडून बसले. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांचे हक्क यांच्या जोडीला त्यांची एक मागणी हा कायदाच रद्द करा, अशी होती. सामंतांवर टीका करावी असं पुष्कळ आहे. संप ताणला किती, तडजोडीची वाट कुठे सुटली, यावर अजूनही घराघरांत वाद होतो. पण ज्या संघटनेवर कामगारांचा विश्वास नाही तिच्याशीच बोलू, आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशी बोलणार नाही, हे कायद्यानं शक्य करून ठेवलं होतं. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या मोडल्या आणि कोकण, सातारा, कोल्हापूरकडे माणसं परत गेली.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच आहे, आणि त्याची म्हणावी तशी चर्चा होत नाही. बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर. सिंगरेणीच्या कोळसा खाणी. एक काळ असा होता की तिथे युनियनचा सुकाळ झाला होता. एकेका खाणीत डझनांनी संघम, आणि वर्षाला शेकडो लहानमोठे संप. कुणाशी बोलायचं हे व्यवस्थापनाला कळेना, आणि कुणाचं ऐकायचं हे कामगाराला. मग १९९८ पासून मान्यताप्राप्त युनियन ठरवण्यासाठी गुप्त मतदान सुरू झालं. केंद्रीय कामगार आयुक्तालयाची यंत्रणा ते घेते. पेटी, चिन्ह, मतपत्रिका, मोजणी, सगळं आपल्या पंचायतीच्या निवडणुकीसारखं.

त्यातून काय दिसतं? कामगार मन बदलतो. आधी आयटक, मग इंटक, पुन्हा आयटक, मग तेलंगण चळवळीच्या लाटेत २०१२ आणि २०१७ ला तेलंगण बोग्गु गनी कार्मिक संघम. २७ डिसेंबर २०२३ ला पुन्हा मतदान झालं. त्याआधी तीनच आठवडे राज्यात काँग्रेसचं सरकार आलं होतं. सत्तेचं वारं पाहून कामगार काँग्रेसच्या इंटककडे वळतील असं पुष्कळांना वाटलं, आणि बऱ्याच विभागांत इंटकनं बाजीही मारली. पण एकूण मतांत आयटक साधारण दोन हजारांनी पुढे राहिली. दहा वर्षं मान मिरवलेली संघटना मात्र जवळजवळ पुसली गेली. खाणीत उतरणारा माणूस हिशेब विचारतो, आणि पेटी समोर असेल तर तो चुकताही करतो. सिंगरेणीत सगळं आलबेल आहे असं नाही. ठेकेदारी कामगारांची संख्या वाढते आहे आणि या पेटीत त्यांचं मत पडत नाही. ही उणीव लहान नाही.

आता उटनूरच्या बस डेपोकडे येऊ. ५ ऑक्टोबर २०१९ ची सकाळ इथल्या पुष्कळांना आठवत असेल. डेपोचं फाटक बंद, बाहेर खाकी कपड्यांत चालक-वाहक, आणि दसऱ्याला गावी जायला निघालेले प्रवासी रस्त्यावर. आरटीसीच्या, म्हणजे राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, सुमारे ४८ हजार कामगारांचा तो संप ५२ दिवस चालला. मुख्य मागणी होती महामंडळाचं सरकारात विलीनीकरण. तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी जाहीर केलं की संपावर गेलेल्यांनी आपणहून नोकरी सोडली आहे. हे राव एके काळी केंद्रात कामगारमंत्री होते. आणि इंद्रवेल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते टी. अंजय्या, हैदराबादच्या ऑल्विन कारखान्यात मजूर म्हणून सुरुवात करून युनियनचे पुढारी झालेले. माणूस आपल्यातून वर गेला म्हणजे आपला आवाज वर गेला, असं होत नाही. आवाज वर पोचायचा तर त्याला परत खाली यायची वाट असावी लागते.

त्या ५२ दिवसांत पगार थांबले, घरं उधारीवर चालली, काही कामगारांनी जीव दिला. २५ नोव्हेंबरला संघटनांच्या संयुक्त कृती समितीनं संप मागे घेतला, तर दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्यांना डेपोच्या फाटकावर पोलिसांनी अडवलं. मग सरकारनं त्यांना कामावर घेतलं, आणि १ डिसेंबरला प्रत्येक डेपोतून पाच-पाच कामगार मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी जेवायला बोलावले. निवृत्तीचं वय ५८ वरून ६० झालं. संपाच्या दिवसांचा पगार द्यायचं ठरलं. रात्रीच्या पाळीबद्दल महिला वाहकांचं गाऱ्हाणं ऐकलं गेलं. हे सगळं चांगलंच झालं, त्याला वाईट कोण म्हणेल? पण त्याच वेळी युनियनच्या निवडणुका दोन वर्षं नकोत आणि त्याऐवजी डेपोवार कल्याण समित्या, असं ठरलं.

इथे क्षणभर थांबू या. कल्याण समितीतला माणूस आणि संघमचा माणूस, दोघंही कामगारच. मग फरक काय? समितीतल्याला वरून बोलावलं जातं. संघमवाल्याला खालून पाठवलं जातं. समितीतला माणूस 'साहेब, एवढं करा' म्हणू शकतो. 'हे झालं नाही तर आम्ही काय करू' असं म्हणायची ताकद त्याच्यामागे नसते. डेपोत परत आल्यावर 'काय बोलून आलास?' असं त्याला कुणी विचारू शकत नाही, कारण त्याला कुणी निवडलेलंच नसतं. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये आरटीसीच्या ४३ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेण्याचं विधेयक विधानसभेनं मंजूर केलं. ज्या मागणीसाठी चार वर्षांपूर्वी नोकऱ्या गेल्या असं सांगितलं गेलं होतं, तीच मागणी कायद्याच्या कागदावर आली.

किनवटच्या बाजूनं येणारी महाराष्ट्राची लाल एसटी आपण रोज पाहतो. तिच्या कामगारांनी २०२१ च्या ऑक्टोबरअखेर संप सुरू केला. मागणी तीच, विलीनीकरणाची. पण तिथे चित्र वेगळं होतं. कामगार सरकारवर जितके रागावले होते, तितकेच आपल्या मान्यताप्राप्त संघटनेवरही. वर्गणी मात्र वर्षानुवर्षं कापली जात होती. संघटनांनी संप मागे घेतला असं म्हटलं तरी कामगार आगारांसमोरून हलेनात. नेतृत्व बाहेरच्या माणसांकडे गेलं. उच्च न्यायालयानं कामावर रुजू व्हायची मुदत दिली आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये संप आटोपला. साडेपाच महिन्यांत विलीनीकरण काही पदरात पडलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत चाळीस वर्षांपूर्वी जे झालं, तेच आगाराच्या फाटकावर पुन्हा दिसलं. विश्वास तुटला की संप थांबत नाही. तो नुसता बेलगाम होतो.

इथवर ज्यांच्याबद्दल बोललो त्यांना निदान मालक होता, फाटक होतं, मस्टर होतं. ज्यांना यातलं काहीच नाही, त्यांचं काय? आणि या सभागृहातल्या बहुतेकांच्या घरातली बाई त्यांतलीच आहे.

निर्मल-निजामाबादच्या पट्ट्यात विडी वळणाऱ्या बायका पाहा. ओसरीत सूप मांडीवर, कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोऱ्याची गाठ. मजुरी हजारी विड्यांवर. पानं खराब निघाली तर भर तिनं घालायची. विडी नापास झाली तर तोटा तिचा. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरात बसून विड्या वळणारीलाही कामगार मानलं, पण कागदावर मानणं वेगळं आणि ठेकेदाराच्या वहीत नाव असणं वेगळं. २०१५ मध्ये तेलंगण सरकारनं विडी कामगारांना मासिक निवृत्तिवेतन सुरू केलं तेव्हा भविष्यनिर्वाह निधीत नाव असण्याची अट होती. एकाच घरात सासूचं नाव नोंदलेलं आणि सून तिच्याच कार्डावर वळत आलेली, असं असेल तर? बोटं दोघींची झिजली. पण पैसे नोंदीला मिळतात, बोटांना नाही.

मालक एक नसला तरी संघटना होऊ शकते, हे पुण्या-मुंबईच्या हमालांनी दाखवून दिलं. हमालाचं पोतं आज एका व्यापाऱ्याचं, उद्या दुसऱ्याचं. मग त्याचा मालक कोण? पुण्यात १९५० च्या दशकात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याची रीत साधी पण जबर आहे. मंडळाकडे व्यापारीही नोंदायचा आणि हमालांची टोळीही. मजुरी मंडळाकडे जमा करायची आणि तिच्यावर लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर आणायची लढाईही या हमालांचीच. नंतर माथाडीच्या नावाखाली खंडणीखोरही घुसले, खोट्या टोळ्या झाल्या, हेही सांगितलं पाहिजे. त्या दुखण्यावर कायदा मोडणं हे औषध नाही. वह्या तपासाव्यात.

आशा आणि अंगणवाडीच्या ताईंचा लढा तर रोजचाच. त्यांना पगार नाही, 'मानधन' मिळतं. शब्द असा निवडला आहे की कामगार म्हणून काही मागूच नये. तरी २०२३ मध्ये तेलंगणातही अंगणवाडीचे संप झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून महाराष्ट्रातही. आणि त्याआधी २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. तो निकाल आभाळातून पडलेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. १९२६ चा कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत विरला. संप करायचा तर चौदा दिवसांची नोटीस हवी. निम्म्या कामगारांनी एकदम रजा टाकली तर तोही संपच. यानं संपाचं हत्यार बोथट झालं आहे, आणि संघटनांचा विरोध रास्त आहे. पण त्याच संहितेत लिहिलं आहे की आस्थापनेतल्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल ती वाटाघाट करणारी युनियन, आणि तशी कुणीच नसेल तर वीस-वीस टक्केवाल्यांची परिषद. ही टक्केवारी मोजणार कशावरून? मस्टरवरून. मस्टरवर कुणाची नावं? ज्यांना ठेकेदारानं लिहिलं त्यांची. म्हणजे वहीचा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

एप्रिल-मे आला की आपल्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. पहाटे निघून पान तोडायचं, दुपारी सावलीत बसून पन्नास-पन्नास पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं मोजून घेण्याच्या जागी, न्यायचे. तिथे मोकळ्या जमिनीवर पुडे ओळीनं मांडतात. ठेकेदाराचा मुनशी ओळीतून चालत जातो, एखादा पुडा उचलतो, पान उन्हाकडे धरून पाहतो, काही बाजूला टाकतो आणि वहीत आकडा लिहितो. बाई उभी राहून पाहते. तिनं किती आणले ते तिला पक्कं माहीत असतं, पण वही मुनशीची असते. यंदाच्या हंगामात प्रत्येक फळीवर बायकांनी आपल्यातली एक लिहिती-वाचती मुलगी नेमावी, दुसरी वही घेऊन ती मुनशीच्या शेजारी उभी राहावी, आणि बाजूला टाकलेल्या पुड्यांसकट सगळे आकडे तिनं लिहावेत. संध्याकाळी गुड्यात परतल्यावर तिनं ती वही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावी, गोंडीत, मराठीत, तेलुगूत, ज्या भाषेत ऐकणाऱ्याला कळेल त्या भाषेत. नोंदणीच्या अर्जाला किमान सात माणसं लागतात. एका फळीवर त्याहून जास्त बायका रोज रांगेत उभ्या असतात.